टिटवीचा पहिला खंड

मित्रांनो, माझा कणा दोनदा चिकटवलेला आहे आणि कोपऱ्यांतून आतला पुठ्ठा डोकावतो. तरीही मला कुणी रद्दी म्हणत नाही. मी एक जुना, जाडजूड खंड आहे. टिटवी नावाच्या वीरांगनेच्या कॉमिकांचा पहिला खंड. आधी माझी पाने सुट्या, पातळ अंकांमध्ये विखुरलेली होती. मग छापखान्यात ती एकत्र शिवली, वर कडक पुठ्ठा चढवला आणि मला एक शरीर मिळाले. ज्या हातांनी मला शिवले ते मला कधी दिसले नाहीत, पण अजून एकही पान गळलेले नाही, ही त्यांचीच कृपा.

टिटवी कोण, हे सांगायला हवे. दिवसा ती एका दवाखान्यात केसपेपर काढते. पण शहरात कुठेही कुणी संकटात हाक मारली की तिला ती ऐकू येते आणि ती धावत सुटते. तिचा जोडीदार गारगोटी. अंगावर घाव आला की त्याचा देह दगडाचा होतो. मग त्याला लागत नाही, पण काही जाणवतही नाही.

मला हैदराबादच्या एका प्रदर्शनातून मल्लेशअण्णांनी लातूरला आणले. मार्केट यार्डाजवळ त्यांचे बारदान्याचे दुकान आहे. दालमिलवाले तिथून रिकामी पोती नेतात. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसे. तेव्हा पोत्यांच्या थप्प्यांवर बसून कॉमिकवेड्यांची बैठक भरे. एसटीच्या वर्कशॉपमधला सत्यम येई, शाळेत गणित शिकवणाऱ्या दीपमालाताई येत. अण्णांची पत्नी मंजुश्री चहा पाठवी आणि पन्नाशीतला नवरा कॉमिकवरून भांडतो म्हणून हसे.

भांडण नेहमीचेच. सत्यम गारगोटीचा भक्त होता. त्याच्या मते ज्याला कुणी पाडू शकत नाही तोच खरा वीर. अण्णा मान हलवत.

"कानात कापूस घालून झोपली असती तर कोण विचारणार होतं तिला?" ते म्हणत. "पर ती घालत न्हाई. म्हणून टिटवी मोठी."

नवा कुणी आला की कोणता संग्रह घ्यावा, यावर पुन्हा वाद होई. सत्यम म्हणे, तिसऱ्यापासून सुरू करा, पहिल्यात चित्रे कच्ची आहेत. दीपमालाताई म्हणत, पातळ बांधणीचे घ्या, हे जाड खंड झोपून वाचताना मनगट मोडतात. अण्णा सगळ्यांचे ऐकून घेत आणि शेवटी मला उचलून समोरच्याच्या मांडीवर ठेवत. त्या क्षणी मला जो अभिमान वाटे, तो मी कधी विसरणार नाही.

मग अण्णांना वाचताना मला डोळ्यांजवळ धरावे लागू लागले. पुढे मला दिव्याखाली न्यावे लागले. साखरेच्या आजाराने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. मोठे उपचार झाले, पण डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर आता येणार नाही. उजेड आणि सावली, एवढेच त्यांच्याकडे उरले.

बैठक बंद पडली. सत्यम दोन-तीनदा येऊन गेला, पण अण्णा त्याच्याशी फक्त पावसापाण्याचे बोलले. मी कपाटात पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली, तिचे मला दुःख नव्हते. अण्णा कपाटापाशी येत, हात माझ्या कण्यापर्यंत नेत आणि मागे घेत, ते मला सहन होत नसे.

एके दिवशी त्यांनी मंजुश्रीला सांगितले की सगळे खंड विकून टाकू. तिने ते सत्यमच्या कानावर घातले. सत्यमने जड मनाने फोनवरच्या कॉमिकप्रेमींच्या गटात तसे कळवले.

दुसऱ्याच दिवशी तो निरोप वाचून एक मुलगी दुकानात आली. तिचे नाव दामिनी. ती कंधारची होती आणि लातूरला औषधशास्त्र शिकत होती. गावाकडे तिने टिटवीचा एकच फाटका अंक वाचला होता. सगळे खंड घेणे तिला परवडणार नव्हते. म्हणून तिने विचारले, एकच घ्यायचा तर कोणता घेऊ?

अण्णांनी मागच्या कपाटाकडे हात नेला. मग त्यांनी चाचपून मला काढले आणि तिच्या हाती दिले. मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

ती पोत्यांवर बसून मला चाळू लागली. मधल्या जोडपानावर थांबली. तिथे एकही शब्द छापलेला नाही, असे ती पुटपुटली. अण्णांना ते पान तोंडपाठ होते. तिने विचारायच्या आधीच ते सांगू लागले, की पाण्याच्या टाकीवर टिटवी एकटीच बसली आहे, खाली झोपलेले शहर आहे आणि आज तिला कुणीच हाक मारलेली नाही.

"काका, ती एकटी न्हाई," दामिनी म्हणाली. "खाली कोपऱ्यात एक खिडकी हाय. तिथं एक म्हातारी तिच्याकडं बघून हात हलवून राहिली."

अण्णा जागेवरून उठले. "कुठं?"

तिने त्यांचे बोट धरले आणि माझ्या पानाच्या कोपऱ्यावर टेकवले. इतकी वर्षे डोळे धड असताना त्यांनी ती म्हातारी पाहिलीच नव्हती. मित्रांनो, खरे सांगतो, अण्णांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते हसत होते.

"अजून काय हाय त्या पानात?" त्यांनी विचारले. "समदं सांग."

दिवेलागणीपर्यंत ती सांगत राहिली. मंजुश्री चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. शेवटी दामिनीने विचारले की मग हा खंड नेऊ का. अण्णांनी मला छातीशी धरले.

"न्हाई पोरी. आता हे विकायचं न्हाई. तू रविवारी ये आणि हितंच वाच."

ती आली. तिच्या मागोमाग सत्यम आला, दीपमालाताई आल्या. नंतर चौथा खंड निघाला तेव्हा सगळ्यांनी मिळून तो आणला. तो अण्णांनी कधीच पाहिलेला नव्हता. सत्यमने वाचायला घेतला आणि सांगितले की टिटवी रागावली आहे. अण्णांनी विचारले, राग भुवईत आहे की ओठांत? सत्यमला पुन्हा पानाकडे बघावे लागले. भरभर पाने उलटणारा तो माणूस त्या दिवशी एका चित्रापाशी कितीतरी वेळ थांबला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, राग न्हाई. भेदरलीय ती."

अण्णा आता पुन्हा कोणता संग्रह घ्यावा ते सांगतात, आणि त्यांच्या शब्दावर लोक घेतात. मी शिवणाऱ्यांचा ऋणी आहे, अण्णांचा आहे, आणि एका कोपऱ्यातली खिडकी बघणाऱ्या त्या पोरीचा तर फारच आहे.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, माझी पाने दुमडू नका. पण जपायचे म्हणून कपाटात कोंडूनही ठेवू नका. मला चारचौघांत उघडा. आणि पान उलटण्याआधी एवढे नक्की विचारा, "सगळ्यांचं बघून झालं का?"