पेटाऱ्यावरची शिफारस

मित्रांनो, औरंगपुऱ्यातल्या वाचनालयाच्या कोपऱ्यात वाळवी लागलेला एक सागवानी पेटारा दिसतो ना, तोच मी. आज माझ्यात फुटके कंदील कोंबलेत. पण निजामाच्या अमदानीत माझा थाट वेगळा होता. शहागंजच्या सुताराने मला खास पुस्तकांसाठी घडवलं होतं आणि त्याचा मला भारी ताठा होता.

आमच्याकडे एक रिवाज होता. आवडलेलं पुस्तक माझ्या झाकणावर ठेवायचं आणि येईल त्याच्यापाशी त्याची तोंडभरून शिफारस करायची. यात दोघे पटाईत. जब्बारभाई जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. त्यांचा जीव पऱ्यांत आणि जादूच्या महालांत. वाचनालय चालवणाऱ्या पुंजाराम मास्तरांना मात्र लढायांचा इतिहास हवा. एकमेकांच्या पुस्तकाला हात लावतील तर शपथ!

"मास्तर, हे वाचा. घोडा समिंदरावरून उडतो!"

"उडंल हो. पण त्याला चंदी-चारा कोण देतं? तुमच्या फौजेला रसदच नाय."

हे रोजचंच. मला मोठी गंमत वाटे.

मग दिवस फिरले. मास्तरांच्या लाडक्या लढायांच्या पुस्तकावर बंदी आल्याचं जब्बारभाईंच्या कानावर आलं. ते सापडलं तर मास्तर तुरुंगात जाणार हे उघड होतं. पण ते जाळायचं म्हणजे मित्राचं काळीजच जाळायचं! त्यांनी गुपचूप त्या पुस्तकावर आपल्या पऱ्यांच्या पुस्तकाची जिल्द चढवली आणि ते माझ्यात ठेवून दिलं. मास्तरांच्या पोटात काही राहत नसे, म्हणून त्यांनाही सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांचे अमीन ते बंदीचं पुस्तक शोधत झडतीला आले. मला पार उपडं केलं. काही सापडलं नाही. निघताना अमीनसाहेब जरा नरमले. घरी मुलगी आजारी आहे, तिला वाचून दाखवण्याजोगं काही आहे का, असं त्यांनी विचारलं.

आपलं पुस्तक कुठे गेलं ते मास्तरांना कळलं नाही, पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्या भरात त्यांनी जब्बारभाईंची ती जिल्द उचलली.

"हेच न्या साहेब! लई झकास! घोडा काय उडतो, पऱ्या काय!"

जब्बारभाई पांढरेफटक पडले. "मास्तर, ते नको. फाटकं हाय."

"फाटकं कुठलं? जिल्द तर नवीकोरी दिसती!"

मित्रांनो, मी सगळं जाणत होतो. पण लाकडाला तोंड कुठून येणार? पुस्तक माझ्या डोळ्यांदेखत दाराबाहेर गेलं.

जब्बारभाई माझ्यावर मटकन बसले आणि त्यांनी सारं सांगितलं.  मास्तर म्हणाले, "जल्मात एकदा तुमचं पुस्तक सुचवलं, अन् तेबी माझंच निघालं."

सकाळी पोलिसांनी मास्तरांना धरून नेलं. "जिल्द माझी हाय, मला न्या!" म्हणत जब्बारभाई मागे धावले, पण त्यांना ढकलून दिलं. मास्तर परत आले नाहीत. जब्बारभाई येऊन नुसते बसत. शिफारस त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

मित्रांनो, मला डागडुजी नको, रंग नको. फक्त एवढं करा, दुसऱ्याच्या आवडीचं पुस्तक एकदा तरी उघडून बघा. मास्तरांनी त्या दिवशी ते नुसतं उघडलं असतं, तरी ते घरी जेवायला गेले असते.