खिशातला ओला साक्षीदार

सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? दिवसभर दात दाखवून हसणाऱ्या व्यापाऱ्यावर, की तेच दात रोज आतून पाहणाऱ्यावर? घाई नको, आधी ऐकून घ्या. मी त्या व्यापाऱ्याचा टूथब्रश बोलतोय, आणि मी चिडलोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे केस सरळ होते, स्वभावही. माझे भाऊ घरोघरी गेले. सकाळी आणि रात्री राबायचं, बाकी वेळ ग्लासात आराम. माझ्या नशिबी मात्र संत्र्या-मोसंब्यांचा ठोक व्यापारी आला. माझी जागा त्याच्या सदऱ्याच्या खिशात, पेनाशेजारी.

त्याचा सगळा धंदा जिभेवर. पेटीतली एक फोड चाखायची नि माल कसा ते सांगायचं. त्याने ‘गोड’ म्हटलं की गिऱ्हाईक पेटी उघडूनही बघत नसे. पण एका फोडीची चव दुसरीला लागू नये म्हणून हा पठ्ठ्या काय करी? आंबट गिळलं रे गिळलं की मला काढून खसाखसा घाशी. पुढची पेटी, पुन्हा मी. अहो, भांडीसुद्धा कोणी इतकी घासत नाही! आणि रात्री जेवणानंतर, जेव्हा माझी खरी गरज, तेव्हा म्हणे, दिवसभर घासलेत, आता कशाला?

बायको सांगून थकली, आंबटानंतर नुसती चूळ भरा. दात माझे आहेत, असं तो गुरगुरला. ती म्हणाली, “दात तुमचेच हो, पण ठणकले की कण्हणं मला ऐकावं लागतं.”

आंबटाने दाताचं कवच काही वेळ मऊ पडतं. तेव्हाच घासलं तर झिजणार नाही तर काय? हात त्याचा, बदनामी माझी!

एकदा फोड दाताला लागताच कळ थेट मस्तकात गेली. त्याने ती न चाखताच थुंकली आणि जुन्या गिऱ्हाइकाला ठोकून दिलं की साखर आहे साखर. दुसऱ्या दिवशी पेट्या परत आल्या. गिऱ्हाईक भांडलं नाही. एवढंच म्हणालं, “शेठ, यापुढे मी स्वतः चाखून घेईन.”

त्या वाक्याने शेठ हादरला. दुपारीच बायकोबरोबर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी विचारलं, आंबट खाल्ल्यावर लगेच घासता का?

“छे हो! सकाळी न्याहारीआधी आणि रात्री झोपताना, बस. दोष या ब्रशचा, नुसता काटा आहे.” आणि मला त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. “मग भर दुपारी हा ओला कसा?”

बायको खिडकीबाहेर बघू लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, “आत्ता जे सांगितलंत, तेच खरोखर करा. आंबटानंतर पाण्याने चूळ भरा, आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नका.”

खरं बाहेर आलं माझ्यामुळे, म्हणून शिक्षा मला. आता मी दुकानात तराजूची पारडी घासतो. माझे केस चहूकडे फाकलेत. त्याच्या खिशात नवा, मऊ ब्रश आहे. आज त्याला पुन्हा बाईंकडे जायचं होतं. निघण्याआधी त्याने फोड खाल्ली, घसाघसा दात घासले आणि मग तो ब्रश रुमालाने पुसून कोरडा केला.

शिकला काय, तर एवढंच!

वाचकहो, ब्रश पुसता येतो, झिजलेलं कवच परत येत नाही. तुम्ही तरी कधी खाल्लंत आणि कधी घासलंत, एवढा हिशोब खरा ठेवा.