बांधाबाहेरचं घर

मी बोलका माणूस नाही. आयुष्यभर शाळेत मुलांशी बोललो, मोठ्यांशी फारसा कधी बोललोच नाही. त्यामुळे ही हकीकत मी सांगावी की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. पण त्या दिवशी कालव्यावर हजर असलेल्यांपैकी दुसरं कुणी ती लिहील, असंही दिसत नाही.

आमच्या बांग सानो गावात नदी दर पुरात काठ खाते. यंदा जिल्ह्याने सिमेंटचा बांध मंजूर केला, पण मोजून मापून. बांध अगदी काठाने नेला, तर कालव्याच्या तोंडाशी असलेलं लमियद मावशीचं घर वाचणार होतं, पण विहाराच्या नदीकडच्या मंडपापर्यंत तो पोचणार नव्हता. तोच घराच्या मागून आत वळवला, तर मंडप सुरक्षित राहणार होता आणि घर नदीच्या तोंडी जाणार होतं, म्हणजे ते हलवावं लागणार होतं.

लमियद मावशीचं घर म्हणजे खांबांवर उभी असलेली एक खोली. तिच्या नवऱ्याने भात वाहणाऱ्या एका मोडक्या पडावाच्या फळ्यांतून ती बांधली होती. ओसरीखालीच बांबूंवर टांगलेलं तिचं मोठं जाळं. भरतीच्या वेळी खाली सोडायचं, मग दोर ओढून वर घ्यायचं. त्या जाळ्यात येणाऱ्या झिंग्यांची ती चटणी करून विकायची. ते जाळं कालव्याच्या तोंडाशीच चालतं. घर आत नेलं तर जाळं गेलं, आणि जाळं गेलं तर मावशी खाणार काय? हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तरी ग्रामसभेत सगळं गप्प होतं. तांबोनचा, म्हणजे आमच्या गावगटाचा, अध्यक्ष थनोंग, माझाच एके काळचा विद्यार्थी, नकाशावर छडी ठेवून उभा होता. पुढे खुर्चीत विहाराचे भन्ते नजर खाली घालून बसलेले. आत वळलेल्या बांधाला कुणाची संमती आहे, असं थनोंगने विचारलं. कुणी हललं नाही. पंखा तेवढा करकरत होता. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू लमियद मावशीकडे वळल्या आणि तिने हात वर केला.

तिचा हात वर गेल्यावर बाकीच्यांचे खाली राहतील कसे? विहाराचा प्रश्न, समोर भन्ते बसलेले, आणि जिचं घर जाणार तीच तयार. सभा एकमताने संपली. माझाही हात वर होता. नंतर केळीच्या पानातला गोड भात वाटला गेला आणि लोक मावशीच्या मनाचा मोठेपणा सांगत घरी गेले.

काही दिवसांनी मी एक पुस्तक परत करायला विहारात गेलो. भन्ते अंगण झाडत होते. त्यांनी झाडू टेकवून ठेवला आणि जरा संकोचून मला विचारलं,

"गुरुजी, लोकांचा त्या मंडपात एवढा जीव का अडकलाय?"

मला प्रश्न कळेना. म्हटलं, मंडप तर तुमचाच, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं.

"वाळवीने पार खाल्लाय तो. यंदा उतरवायचाच होता. पण लोकांनी एवढ्या श्रद्धेने हात वर केले, मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?"

मी तिथेच पायरीवर बसलो. पुस्तक परत द्यायचं राहूनच गेलं, ते हातात घेऊनच मी तांबोनच्या कार्यालयात गेलो. थनोंगने ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, माझ्या घरात कुणालाच हे पटलेलं नव्हतं, बायको तर आठवडाभर धड बोलत नाहीये. पण मला वाटलं, भन्तेंची इच्छा आहे. आणि आता सभा फिरवायची म्हणजे ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांना खोटं पाडायचं. "आणि गुरुजी, खुद्द मावशीनेच पहिला हात वर केला ना?"

मग मी मावशीकडे गेलो. ती चटणीचे माठ कापडाने बांधत होती. मी अडखळत सगळं सांगितलं. तिने गाठ मारायची थांबवली नाही.

"सगळे माझ्याकडेच बघत होते. वाटलं, माझ्यामुळेच सभा अडलीये. लोकांची पोरंबाळं तिथं उपाशी बसलेली. मग काय करणार?"

मी म्हणालो, मी बोलतो सगळ्यांशी. त्यावर ती घाबरलीच. माझ्या एकटीसाठी पुन्हा गाव गोळा करायचा, मग मी या गावात राहायचं कसं, असं म्हणून तिने मला शपथ घातली. खरं सांगायचं तर त्या शपथेने मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी दिवा लावला आणि वाचत बसलो. एकही ओळ डोक्यात शिरली नाही. आमच्या गावाने एका बाईचं घर नदीला दिलं होतं, आणि ते कुणालाच नको होतं.

घर हलवायच्या दिवशी सगळा गाव आला. आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे घराच्या तळाखाली बांबू बांधायचे आणि ते आहे तसं उचलून खांद्यावर न्यायचं. आदल्या दिवशी खांबांभोवतीची माती उकरून ठेवली होती. बायकांनी मोठ्या पातेल्यात नारळ घातलेलं माशाचं कालवण आणि तांदळाच्या शेवया केल्या होत्या. पलीकडे बांधाच्या सिमेंटचा पडाव लागलेला. भन्तेंनी पाणी शिंपडलं. गावप्रमुखाने शिट्टी वाजवली आणि ते घर, ओसरी, पत्रे, भिंतीवरच्या कॅलेंडरासकट, हवेत उचललं गेलं. ज्यांनी हात वर केले होते, तेच सगळे खाली खांदा देऊन उभे. थनोंग पुढच्या बांबूला. इतकी आपुलकी, इतकी थट्टामस्करी; "काका, तुम्ही उचलताय की लोंबकळताय?" असं कुणीतरी मागून ओरडत होतं. माझ्या अंगात बळ नाही, म्हणून माझ्याकडे मावशीच्या कोंबड्यांची टोपली दिली होती.

चार पावलं घर पुढे आलं. मी मावशीकडे पाहिलं. ती घराकडे बघतच नव्हती. ती जाळ्याच्या उघड्या पडलेल्या बांबूंकडे बघत होती, तोंडावर हात दाबून.

मी कसा बोललो, मला माहीत नाही. आवाज उगाच चढा आणि चिरका निघाला.

"हे घर हलवायचं कुणाच्या मनात होतं?"

घर थांबलं.

"गुरुजी, आत्ता?" थनोंग बांबूखालून म्हणाला. "खांद्यावर घर आहे."

"म्हणूनच आत्ता. आज हात वर करायची सोय नाही. तोंडानेच सांगावं लागेल."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग मागून भन्तेंचा आवाज आला. इतकं मोठ्याने ते कधी बोलल्याचं आठवत नाही. "मंडप मला नको होता. तो पडायलाच आलाय."

घराची एक बाजू एकदम कलली. आतलं काहीतरी गडगडत भिंतीवर आदळलं. लोक सावरले, पण त्यांचे चेहरे, ते मी विसरू शकत नाही. भर उन्हात कुणी तोंडावर गार पाणी मारावं, तसे.

"मग आपण हे कुणासाठी..." गावप्रमुख म्हणाला.

थनोंगला मान वळवता येत नव्हती. समोर बघतच त्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवं होतं?"

मावशीने तोंडावरचा हात काढला. घराखालचे खांदे थरथरत होते, घाम टपटपत होता, पण कुणी घर खाली ठेवलं नाही. मग ती काहीतरी पुटपुटली. पुढच्यांना ऐकू आलं, मागच्यांना नाही.

"काय म्हणाली?"

"इथंच राहायचंय म्हणते."

"काय?"

"इथंच. इथंच राहायचंय तिला."

बांबूमागून बांबू ते वाक्य घराखालून मागे गेलं. एक म्हातारी मटकन जमिनीवर बसली. थनोंगची बायको पातेल्यापाशी डाव हातात धरून नुसती उभी राहिली.

"मागे चला," शेवटी थनोंग म्हणाला.

घर घेऊन पुढे चालायचं सगळ्यांना येत होतं, मागे चालायचं कुणालाच नाही. धडपडत, एकमेकांच्या पायांवर पाय देत त्यांनी ते परत नेलं. खांब जुन्या खड्ड्यांत नीट बसेनात. शेवटी घर नदीकडे जरा झुकलेलं राहिलं. मावशी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शेवया वाढल्या गेल्या. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. पलीकडे पडावावरचे मजूर काम सुरू करायचं की नाही, हे विचारायला माणूस पाठवून बसले होते.

थनोंग चिखलाच्या पायांनी माझ्याजवळ येऊन बसला. उद्या जिल्ह्याला जावं लागेल, म्हणाला. नकाशा बदला म्हणायचं. एकमताने मंजूर झालेला ठराव कुणालाच नको होता, हे साहेबांना सांगायचं. "मला नाही जमणार, गुरुजी. तुम्ही चला. तुम्हीच बोला."

मी टोपली घट्ट धरली. आतल्या कोंबड्या गप्प होत्या. "चल," मी म्हणालो.

ते मी मनापासून म्हणालो की भिडेपोटी, याचा विचार करत मी पानातल्या गार झालेल्या शेवया संपवल्या.