कापायचं बटण आता दुसरीकडे

मी एक कीबोर्ड. काका व्हिडिओचं संपादन करतात आणि मी त्यांचा स्वतःचा आहे, स्टुडिओने दिलेला नव्हे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे हजारो होते. पण बारा वर्षं एकाच माणसाची बोटं अंगावर वागवली की आपण त्याचे होऊन जातो.

'सी' दाबलं की पडद्यावर कात्री, 'व्ही' दाबलं की तुकडा उचलायचा बाण. काकांना खाली बघावं लागत नसे. घास तोंडाकडे जातो, तशी बोटं जात.

मग स्टुडिओच्या मालकीणबाईंनी सॉफ्टवेअर बदललं. कात्री 'बी'वर गेली, बाण 'ए'वर. एकाच मशीनवर तिघं काम करत, म्हणून जुनी बटणं लावून ठेवायची सोय नव्हती.

खरा घात केला डिलीटने. पूर्वी नको तो तुकडा पुसला की तिथे रिकामी जागा राहायची. आता मागचं चित्र सरकून ती जागा भरायचं आणि आवाज मात्र जागच्या जागी. एका मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाची फिल्म होती. मालकीणबाई बघायला बसल्या, तर बाईंचे ओठ पुढे आणि शब्द मागून.

"काका, परवा समारंभ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"उद्या दुपारपर्यंत थांबा," काका म्हणाले. त्यांनी माझी वायर काढली आणि मला पिशवीत घालून घरी आणलं.

काकू कपडे शिवतात. त्यांच्या कापायच्या टेबलावर मला ठेवून काका म्हणाले, "मला घरी बसवणार बहुतेक."

काकांनी सोबत आणलेली नव्या बटणांची यादी काकूंनी हातात घेतली. "मोटारचं मशीन आलं तेव्हा पहिल्याच दिवशी मी बोट शिवून घेतलं होतं. तुमचं निदान रक्त तरी निघत नाही. बसा."

माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती. काकू सांगत, काका दाबत.

"कापा."

बोट 'सी'वर गेलं.

"चुकलं. परत."

यादीतली इंग्रजी नावं काकूंच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली. केलेलं मागे घ्यायचं ते 'उसवा'. तुकडा काढून जागा मोकळी ठेवायची ते 'भोक राहू द्या', जागा मिटवायची ते 'शिवण ओढा'. काकांना हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. दिवेलागणीपर्यंत दोघं तसेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका स्टुडिओत "भोक राहू द्या" असं पुटपुटत काम करत होते. शेजारचे बघत राहिले. दुपारी मालकीणबाईंनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हीच दाखवू या."

ऐनवेळी काही बदल निघाला तर असावा, म्हणून काकांनी मला समारंभालाही नेलं. मी त्यांच्या मांडीवर, पिशवीत. काकू शेजारी. पडद्यावर बाई बोलू लागल्या, ओठ आणि आवाज बरोबर.

"इथे शिवण ओढलीत ना?" काकूंनी कानात विचारलं.

"हो."

"कुठे दिसत नाही."

काकांनी पिशवीवरचा हात उचलून काकूंच्या हातावर ठेवला. तो फिल्म संपेपर्यंत तिथेच होता.

आता माझ्या 'बी'चं अक्षर पुसट झालंय. वायर सैल पडलीय, कधीतरी मला बदलतीलच. एखाद्या दिवशी काकांचं बोट अजून 'सी'कडे निघतं आणि मध्येच थबकतं. मी वाट बघतो. तुमच्याजवळ कुणी उतारवयात काही नवं शिकत असेल, तर त्यालाही तेवढा वेळ द्या. बोटं नवी वाट शिकतात हो. फक्त जुनी सोडताना त्यांना थोडं वाईट वाटतं.