'पडलो' म्हणेपर्यंत

माझा ऑरिन बापावर गेला होता. बाप लोहार, घोड्याने लाथ घातली तरी नाल ठोकल्याशिवाय उठायचा नाही. असल्या माणसाच्या पोटी शहाणं पोर कुठून येणार, असं मी गावाला सांगायची.

त्या साली ऑरिनसकट कॉलेजची फुटबॉलची सगळी टीम माझ्याच खाणावळीत जेवायला होती. तेव्हा डोक्याला टोपी नाही की काही नाही. मार कमी लागावा म्हणून केस वाढवायचे, बस. चेंडू बगलेत मारून मैदानाच्या टोकाच्या रेषेपार पळायचं आणि पलीकडच्यांनी पाडायचं, असा तो खेळ. पण पाडलं म्हणून खेळ थांबत नसे. चेंडूवाल्याने स्वतःच्या तोंडाने 'पडलो' म्हणायचं, मगच पंच शिट्टी वाजवणार. तोवर आपली पोरं त्याला पुढे ओढणार, त्यांची मागे. ओढायला बरं म्हणून कमरेला चामड्याच्या मुठी शिवलेल्या. माणूस आहे की बटाट्याचं पोतं?

ऑरिन काही केल्या 'पडलो' म्हणायचा नाही. टीम सगळे सामने जिंकत गेली आणि गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागलं. जो लवकर म्हणेल त्याला पोरं जेवताना छळायची, "काकू, याला दूध-पाव द्या, बाळ पडलं."

एका संध्याकाळी त्याच्या बरगड्या शेकताना मी म्हटलं, "एक शब्द तर म्हणायचाय. जीभ झिजते का तुझी?"

"लेलँड काय म्हणेल, आई?" लेलँड त्यांचा कप्तान. दोघं एका पाटीवर शिकलेले.

"लेलँड गेला खड्ड्यात. मला वचन दे."

तो हसला. "बरं बाई. अगदी जिवावर बेतलं तर म्हणेन."

शेवटचा सामना थँक्सगिव्हिंगच्या सणाला. टर्की भट्टीत सरकवून मी मैदानावर गेले. रेषा हातभर राहिली असताना ऑरिन खाली गेला आणि त्याच्यावर दोन्हीकडची पोरं पडली. मला नुसते त्याचे बूट दिसत होते. आधी ते हलत होते, मग हलेनात. मी दोरीखालून आत घुसले. "पडलाय तो, थांबवा," मी पंचाचा दंड धरला.

"बाई, ते त्याचं त्यानेच म्हणायला हवं," पंच म्हणाला.

आमच्या पोरांनी जोर लावून त्याला रेषेपार ओढलं. लोक टोप्या उडवत होते. ऑरिनची मान मोडली होती.

माती दिली, लोक पांगले, आणि मला रडूच येईना. राग यायचा. भांडी घासताना मी त्याला बोलत राहायची, मेल्या, एक शब्द जड झाला तुला, आईपेक्षा गावाची वाहवा मोठी झाली.

आठवड्याने लेलँड आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"काकू, तो म्हणाला होता. दोनदा. माझा कान त्याच्या तोंडाशीच होता." तो उंबऱ्याकडे बघत बोलत होता. "हातभरच राहिलंय, असं वाटलं मला. मी ओढलं त्याला."

मी तोंड फिरवलं. रागाने फिरवलं असं त्याला वाटलं असणार, कारण तो निघून गेला. पण लेलँड माझ्या डोक्यातही नव्हता. आठवडाभर मी ज्याला शिव्या घातल्या, त्या माझ्या पोराने माझं ऐकलं होतं.