चित्रात चिकटवलेले जाळे

मी दिवाळे गावच्या पंढरी कोळ्याचे जुने जाळे आहे. मित्रांनो, हल्ली मला चित्र म्हणतात. उलव्यातल्या एका टॉवरच्या लॉबीत, काचेआड, एसीच्या गारव्यात मी टांगलेले असते. लिफ्टची वाट पाहणारे लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मला या थाटामाटाचा वीट आला आहे, म्हणून खरे काय ते तुम्हाला सांगते.

पंढरीने मला ओटीवर बसून विणले. खाडीत मी बोईट धरले, कोलंबी धरली, कधी नुसता चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या. कुठे फाटले की त्याची बायको गोजरा मला मांडीवर घेऊन सांधायची. फाटके जाळे दारात दिसले, तर गाव त्या घरच्या पुरुषाला नावे ठेवते. गोजराने ती वेळ कधी येऊ दिली नाही. पुढे खाडीत मासळी राहिली नाही. पंढरीने अंथरूण धरले आणि एक दिवस तो गेला. मी माळ्यावर पडून राहिले.

गोजरा बाजारात मासळी विकायला गेली असताना तिची लेक जागृती मला उचलून घेऊन गेली. जागृती चित्रकार आहे. रबाळ्याला कारखान्यांच्या मागे तिचा भाड्याचा गाळा आहे. तिच्या चित्रात झाड नसते, माणूस नसतो. ती कॅनव्हास जमिनीवर पसरते, त्यावर खाडीचा चिखल, वाळू, डांबर, रंग असे थर चढवते आणि वाळले की पत्र्याने खरवडते. खरवडून उरेल ते चित्र. त्यात तिने मला गोंदाने बसवले. मग ब्लेड घेऊन मधोमध टराटरा फाडले. बाप नसलेले घर तिथे दिसायला हवे, असे ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. बाप तिचाही होता, हे मला कळत होते. तरी दुखायचे ते दुखलेच.

दुसऱ्या दिवशी टॉवरवाले लॉबीसाठी चित्र बघायला येणार होते. जागृती फ्रेमवाल्याकडे गेली होती, तेवढ्यात गोजरा डबा घेऊन आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. ती तशीच दिवाळ्याला परत गेली आणि सुई-दोरा घेऊन आली. जमिनीवर बसून, नवऱ्याच्या गाठीला गाठ जुळवत तिने ते भोक बुजवले. फार दिवसांनी मला बरे वाटले.

जागृती परतली आणि दारातच थांबली. "आई, काय केलंस हे? मला फाटलेलंच हवं होतं."

"उद्या लोक बगतील. पंढरीचं जालं फाटकं व्हतं म्हनतील."

"त्यांना बाबा माहीत पण नाहीत. ॲबस्ट्रॅक्ट आहे ते, आई."

"मना म्हाईत हाय ना," गोजरा म्हणाली. "तुजा बापूस फाटका नव्हता गो."

जागृतीने ब्लेड हातात घेतले. मला वाटले, आता ही ब्लेड खाली ठेवील. पण तिला उद्याचे गिऱ्हाईक दिसत होते. तिने आईच्या देखत एकेक गाठ कापली. गोजराने सगळे पाहिले, न उघडलेला डबा उचलला आणि निघून गेली.

लॉबीतल्या कार्यक्रमात जागृती माइकवर म्हणाली, "माझी सगळी कला आईच्या हातातून आली." टाळ्या पडल्या. आई आली नव्हती. बोलावणे गेले होते, तेव्हा तिने फोनवर एवढेच सांगितले होते, "तुजं चित्र तू दाखव. मी नाय यायची."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला तर जपलेच आहे. मला काच आहे, दिवा आहे, धूळ पुसायला माणूस आहे. गोजराचे मन मात्र कुणी जपले नाही. घरातली वस्तू उचलण्याआधी तिच्यात कुणाचा जीव गुंतला आहे, ते विचारा. जागृतीने विचारले असते, तर गोजराने मला दिले नसते आणि मी त्या माळ्यावरच कुजून गेले असते. मला ते चालले असते.