सोमवारी निघायची गाडी

बायको सोमवारी घर सोडून जाणार होती, आणि ज्या गाडीतून जाणार होती तिचं इंजिन शनिवारी दुपारी नवऱ्याने अंगणात उघडून ठेवलं होतं.

गाडी तिच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. वयाच्या मानाने धडधाकट होती, पण अलीकडे दोन जागांहून तेल गळायला लागलं होतं. एक खालच्या, तेलाच्या चेंबरच्या सांध्यातून, आणि दुसरं वरून, इंजिनावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या कडेने. वरचं तेल ओघळून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं आणि बॉनेटमधून धूर निघायचा. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, “दोन्ही पॅकिंग वाळून खडखडीत झालीत. जवळपास फिरवा, लांब नेऊ नका. एखाद वेळी पेट घेईल. आणि पुढच्या आठवड्याशिवाय मला हात लावता येणार नाही.”

तिला पुढचा आठवडा चालणार नव्हता. ती नर्स होती. दूरच्या शहरात आजाऱ्यांना घरोघरी जाऊन बघायची नोकरी तिला लागली होती. स्वतःची गाडी हवी ही पहिली अट, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं.

“मी करून देतो,” नवरा म्हणाला.

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

तो लिफ्टचा मेकॅनिक. कामावर त्याच्या हाताला यश होतं. घरी मात्र न्हाणीघराच्या फरशा अर्ध्या भिंतीवर येऊन थांबल्या होत्या, आणि बेडरूमच्या दाराला कडी बसायची होती ती बसायचीच होती. शेजारीपाजारी त्याला ‘उद्याशेठ’ म्हणत. तोही हसायचा. बायको आधी हसायची, मग चिडायला लागली, मग गप्प झाली. आणि एक दिवस म्हणाली, “मला नोकरी लागलीय. मी एकटी जाणार आहे. परत यायचं नाही असं ठरवून.”

तो तेव्हा म्हणाला होता, “उद्या बोलू.” ते बोलणं राहूनच गेलं.

खालचं चेंबर शनिवारीच झालं. तेल काढलं, जुनं पॅकिंग पात्याने खरवडलं, नवीन बसवलं. सामान बांधायला आलेल्या सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बघत होत्या. त्याही लेकीबरोबर जाणार होत्या. “जावईबापू, एवढं तेल तर आपल्या पोटातही नसेल हो,” त्या म्हणाल्या. तो हसला नाही.

रविवारी सकाळी टॅपेट कव्हर निघालं. कडा चकचकीत पुसून झाल्या. आता पॅकिंग बसवायचं, बोल्ट आवळायचे, की झालं. तो पॅकिंग हातात धरून उभा राहिला. रबराची एवढीशी काळी चौकट. ती बसली की घर रिकामं होणार होतं. त्याने ती घडी करून अवजारांच्या डब्याच्या तळाशी घातली, वर पाने टाकले आणि दारातून हाक मारली, “अगं, दुकानदाराने वरचं पॅकिंग भलत्याच गाडीचं दिलंय. आज दुकान बंद. मंगळवारपर्यंत होईल.”

तिने नोकरीच्या ठिकाणी फोन लावला. “दोन दिवस मिळतील का?” एवढंच त्याला ऐकू आलं. मग नुसतं “हो... हो... कळलं.” फोन ठेवून ती पायरीवर बसली.

“काय म्हणाल्या?” सासूबाईंनी विचारलं.

“सोमवारी नाही आलात तर दुसरीला बोलावू म्हणाल्या.”

ती रडली नाही. तळवे वर करून मांडीवर टाकले आणि समोर बघत बसली. हॉस्पिटलच्या बाकावर, डॉक्टर सांगून गेल्यावर माणसं बसतात तशी. त्याला ते बघवेना. तो डब्यापाशी गेला, पाने बाजूला केले.

“दुकानदार नाही चुकला,” तो म्हणाला. “हे घे. बरोबर आहे.”

“मग?”

“हे बसलं की तू जाशील.”

“अगं बाई!” सासूबाई पुटपुटल्या.

“आणि नाही बसलं तर मी राहीन, असं वाटलं तुला?”

ती आत गेली, जुने कपडे घालून आली आणि बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. “चल. माझ्यासमोर बसव.”

किती तरी महिन्यांनी दोघं एवढ्या जवळ उभी होती. ती पॅकिंगची कड बोटाने दाबून धरत होती, तो समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत होता. तिच्या केसांची बट त्याच्या मनगटाला लागली. त्याने पान्याला जरा जास्तच जोर दिला.

टक्.

बोल्टचं डोकं पान्यात आलं. बाकीचा आत राहिला.

“तू मुद्दाम केलंस,” ती म्हणाली.

“नाही गं! शप्पथ!”

“तुझ्या शपथेला आता कोण विचारतंय?” हातातलं फडकं तिने इंजिनावर टाकलं आणि आत निघून गेली.

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारखी त्याची गत झाली होती. त्याने कव्हर परत काढलं. तुटलेला बोल्ट नखाएवढा वर होता. तेल सोडलं, हलकेच ठोकलं, पकडीने धरलं. पकड घसरली. पुन्हा धरलं, पुन्हा घसरली. बोटांची सालं निघाली. “ये ना रे बाबा,” तो त्या लोखंडाच्या तुकड्याला विनवायला लागला, “माझं नको ऐकू, तिच्यासाठी ये.” बोल्ट आतच मोडला तर सगळं संपलं होतं. तिची नोकरी जाणार, आणि ती त्याला जन्मभर माफ करणार नव्हती.

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “आधी डोळे पुसा,” त्या म्हणाल्या. “दिसत नसेल तुम्हाला.”

आपण रडतोय हे त्याला तेव्हा कळलं. त्याने बाहीने डोळे पुसले, पकड पुन्हा लावली आणि श्वास रोखून फिरवली. केसभर हलला. मग आणखी केसभर. मग भिजलेल्या लाकडातून खिळा निघावा तसा कुरकुरत बाहेर आला.

बदली बोल्ट त्याने कामाच्या पिशवीतून, लिफ्टच्या पॅनेलच्या सामानातून काढला. लांब होता. करवतीने कापला, कानस मारली. कव्हर बसलं, नवीन तेल भरलं, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

आवाज ऐकून ती बाहेर आली. बराच वेळ इंजिन चालू ठेवलं. तिने पांढरा रुमाल कव्हरच्या कडेने फिरवून बघितला. कोरडा.

“राहशील?” त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. “हे तू आज विचारतोयस.”

“हो.”

“नाही रे,” ती म्हणाली, इतकं हळू की इंजिनाच्या आवाजात त्याला ते ओठांवरूनच समजलं.

सोमवारी सकाळी सामान भरून झाल्यावर तीच म्हणाली, “पहिल्या पंपापर्यंत चल. एकदा बघून घे.” तो मागे, बोचक्यांमध्ये बसला. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, वर हात फिरवला. कुठे थेंब नव्हता.

“दर आठवड्याला तेल बघत जा,” तो म्हणाला. “तेल मोजायची कांडी पुसून परत घालायची, मग बघायची.”

“बघीन.”

“थोड्या दिवसांनी बोल्ट एकदा तपासून घे. कुठल्याही गॅरेजात.”

“घेईन.”

आणखी काही सांगायचं राहिलंय का, तो आठवत राहिला. काहीच राहिलं नव्हतं. सासूबाईंनी खिडकीतून हात काढून त्याच्या गालाला लावला. “जपा जावईबापू,” त्या म्हणाल्या, आणि आता ‘जावईबापू’ म्हणावं की नाही असं वाटून त्यांनी लेकीकडे बघितलं. ती पुढे रस्त्याकडे बघत होती.

गाडी निघाली. वळणाआड गेल्यावर तो पंपाच्या कठड्यावर बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला. पंपावरचा माणूस पाण्याची बाटली घेऊन आला.

“काय झालं साहेब? गाडी बंद पडली?”

“नाही,” तो म्हणाला. “चालू झाली.”

तो माणूस बाटली शेजारी ठेवून गिऱ्हाइकाकडे गेला. नवरा पाणी प्यायला, उरलेल्या पाण्याने हात चोळचोळून धुऊन घराच्या रस्त्याने चालायला लागला.